मास्तरची जीभ

"मास्तर, गिळलंत का? थुंका! आधी थुंका!"

मी ओरडले तेव्हा माझ्या एका हातात नारळांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्याच तोंडात होतं. ते बोट मी मडक्यात बुडवून जिभेला लावलं होतं. लावल्याबरोबर कळलं की हे आमचं काळ्या रंगाचं लोखंडाचं पाणी नव्हे. मी तिथेच फरशीवर थुंकले. पाहुण्यांचे बूट जवळ होते. असू देत.

मास्तर मडक्यापुढे उकिडवा बसला होता. हातात वाटी, आणि वाटी रिकामी. मी दारातून आत येत होते तेव्हा तो दुसऱ्यांदा वाटी तोंडाला लावत होता, ते मी पाहिलं होतं. त्याच्याभोवती वर्गातल्या बायका आणि त्यांच्यामागे मोबाईल वर धरलेले पाहुणे. सोमीने बोट बुडवलं होतं, ते तोंडाकडे निघालं होतं. मी नारळ टाकून तिच्या मनगटावर फटका मारला. नारळ घरंगळत गेले आणि एक पाहुणा हसला. त्याला वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे.

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. तोंडावर भीती नव्हती.

"तुला लागलं, बाय?" तो म्हणाला.

म्हणजे चव लागली का.

"लागलं. मोरचूद हाय ह्ये."

मोरचूद मला कळणारच. माझ्या बापाने मिरचीच्या रोपांवर मोरचूद मारलं आणि आम्ही पोरांनी हात न धुता भाकरी खाल्ली की जी चव यायची, ती साठ वर्षांनीही विसरत नाही. जिभेवर कोणी तांब्याचा पैसा ठेवून वरून दाबतंय असं वाटतं.

"मला नाय लागलं," मास्तर म्हणाला.

इतके महिने जे आम्ही दोघांनी लपवलं होतं, ते त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग त्याने पोट धरलं, पाय झाडला, मडकं कलंडलं, आणि आम्ही धारावीहून पाठीवर वाहून आणलेल्या चामड्यावर तो ओकला. हिरवं-निळं ओकला.

---

चौक गावाला जुन्या हायवेवर गॅरेजांची रांग आहे. तिच्या शेवटाला मास्तरची पत्र्याची टपरी होती. ट्रकच्या सीटा शिवायचा, चपला सांधायचा. घाटावरून कधी उतरला, का उतरला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायको होती, ती गेली. मूल नव्हतं. पायात मात्र कायम प्लास्टिकची सपाता. "चामडं घालायला परवडत नाय व्हय?" असं कोणी विचारलं की म्हणायचा, "दिवसभर हातात असतं. पायाखाली कशाला घेऊ?"

मुंबईच्या एका संस्थेने आमच्या गावच्या हॉलमध्ये बायकांसाठी वर्ग काढला. चामड्याच्या लहान वस्तू शिकवायच्या: किल्ल्यांची साखळी, चष्म्याचं घर, पाकीट. शिकवायला मास्तरला आणलं. मी तिथे झाडलोट करायला आणि चहा करायला होते. माझी शाळा चौथीपर्यंत. मला कोणी शिकायला बोलावलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. संस्थेच्या मॅडम तिशीच्या, हसऱ्या आणि कायम घाईत असायच्या. त्यांनी टेंपोतून दोन पोती उतरवली. बॅगांच्या कारखान्यात उरलेले तुकडे. लाल, पोपटी, चकचकीत. बायका खूश झाल्या. मास्तरने एक तुकडा उचलला, कड दातात धरली, जिभेने चाटली आणि तुकडा फेकला.

"ह्ये फडकं हाय. ह्याच्यावर मी शिकवनार नाय."

"मास्तर, या नवशिक्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "खराब झालं तरी चालेल असंच मुद्दाम आणलंय."

"म्हनून तर! कसलेल्या मानसाला रद्दी द्या, तो रद्दीतनं पाकीट काढंल. नव्या बाईला रद्दी दिली का टाका उसवतो, कड इस्कटते, रंग बसत नाय. आन तिला काय वाटतं? आपल्याच हाताला गुन नाय. चामड्याचा दोष ती डोक्यावर घेऊन घरी जाते, परत येत नाय."

एवढं बोलून त्याने दोन्ही पोती ओढत बाहेर नेली आणि रस्त्यावर उलटी केली. कुत्री तुकडे घेऊन पळाली. एक पोपटी तुकडा घेऊन एक कुत्रं थेट देवळात शिरलं, त्यावरून गावात आणखी बोलाचाली झाली. मास्तर हात झटकून टपरीवर निघून गेला. तुकडे मी वेचले. तो जे बोलला ते खरं होतं, हे मला त्या दिवशीही पटलं. पण रस्ता झाडणारी मी होते. खरं बोलणाऱ्या माणसांचा पसारा दुसऱ्यांनाच आवरावा लागतो.

---

एक गोष्ट सांगायला हवी. मी सांगितली नाही तर गावातलं दुसरं कोणीतरी सांगेल.

तो जातीने चांभार. आम्ही शेतकरी. हॉलमध्ये संस्थेने दिलेले सहा कप होते. त्यातला कान तुटलेला एक कप मी मास्तरसाठी वेगळा ठेवला. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने मन काही बोललं नाही.

तीन दिवस तो त्या कपातून प्यायला. चौथ्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर त्याने कप विसळला आणि पिशवीत टाकला.

"ओ मास्तर, कप कुठं नेता?"

"माजाच ना हा?"

"संस्थेचा हाय."

"मला वाटलं माजा हाय. कोन दुसरं तर त्याला हात लावत नाय. माजी वस्तू मी घरी नेतो."

दुसऱ्या दिवशी मी दुसरा कप वेगळा काढला. तोही गेला. तिसरा गेला. मीही हट्टाची. सहावा कप त्याने पिशवीत घातला तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि सोमी, जी कशेळ्याच्या वरच्या ठाकरवाडीतून जीप पकडून यायची, ती म्हणाली, "आजे, आता त्याला ओंजळीत दे."

दहाव्या दिवशी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा. मास्तरला मधला पेला. तो प्यायला, आणि त्याने पेला परत जागेवर ठेवला. मी माफी मागितली नाही. त्याने कप परत आणले नाहीत. टपरीत त्या सहा कपांत तो खिळे आणि रिबिटं ठेवायचा. गेलं की मला दिसायचे.

---

त्याचं सगळं काम जिभेवर चालायचं. "डोळ्याला दुकानदार फसवतो," म्हणायचा. "नाकाला पालिश फसवतं. जीब नाय फसत."

झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं चाटलं की तुरट लागतं. कच्च्या केळ्याचं साल चावल्यासारखं, जीभ आखडते. कारखान्यात केमिकलने कमावलेलं चाटलं तर रिकामा चमचा चाटल्यासारखं. पहिलं पाण्याने मऊ होतं, ठसा धरतं, झाडाचा रंग पितं. दुसरं धरत नाही, पीत नाही. नवशिक्या बाईला पहिलंच हवं. तेही म्हशीच्या खांद्याचं, पोटाचं नको, कारण पोटाचं ओढलं तिकडे ताणतं आणि मापात राहत नाही.

हे सगळं त्याने वर्गातल्या चौदा बायकांना चाटायला लावून शिकवलं. आठजणी 'शी' करून घरी बसल्या.

"चिंबोरीच्या नांग्या चोखता," तो त्यांच्यामागे ओरडला, "सुका बोंबील कच्चा चावता, आन ह्ये वंगाळ व्हय?"

सहा राहिल्या. सातवी मी. केरसुणी बाजूला ठेवून मी कधी बसले ते मलाच कळलं नाही. माझा पहिला टाका वाकडा आला. मास्तरने आरीने तो उसवला आणि म्हणाला, "चामडं चांगलं हाय, सुई चांगली हाय. आता फकस्त तू राह्यलीस."

चामड्याशी तो बोलायचा. म्हशीच्या पाठीचं चामडं जमिनीवर पसरायचं आणि हात फिरवत विचारायचं, "कुठं होतीस गं बाय? तारेला घासायचीस वाटतं. आन ह्ये काय, गोचीड?" पुढ्यात बसलेल्या बायकांपेक्षा मेलेल्या म्हशीशी तो जास्त आदबीने बोलायचा. बायकांना म्हणायचा, "ए ठोंब्या." कोणी बरं शिवलं तरी बरं म्हणायचा नाही. फक्त तो तुकडा परत द्यायचा नाही, स्वतःच्या पिशवीत टाकायचा. बायका रागवायच्या. तुकडा मिळाला नाही म्हणजे पास झालो, हे कळायला त्यांना महिना लागला.

रंग तो बाजारचे घ्यायचा नाही. सोमी हिरडे आणि ऐनाची साल आणायची. त्यावरही त्याची दटावणी: "उभ्या झाडाची साल नको. वाळून पडलेल्या फांदीची आन." सोमी म्हणायची, "मास्तर, तू जंगलात ये, फांदी कंची वाळली ती जीब लावून सांग." खैराच्या काताने तांबडा-तपकिरी रंग, हिरड्याने पिवळट. काळ्यासाठी त्याचं मडकं. गॅरेजवाल्यांकडचे गंजलेले नट, बोल्ट, खिळे मडक्यात घालायचे, पाणी, गूळ, वरून फडकं. तीन आठवडे ठेवायचं. ते फसफसतं, त्याला अशी घाण येते की हॉलमध्ये कुत्रं थांबत नाही. मग हिरड्यात भिजवलेल्या चामड्यावर त्या लोखंडाच्या पाण्याचं बोट फिरवलं की बघता बघता काळं होतं. काजळासारखं, आणि ते काळं जन्मात जात नाही. पाणी तयार झालं की नाही हे तो रोज थेंबभर जिभेवर घेऊन ठरवायचा. "आज कवळं हाय. आज आंबट हाय. आज पिकलं."

---

पावसाळ्यात त्याला ताप आला. तीन आठवडे टपरी बंद. तापातून उठला, वर्गात आला, सगळं पहिल्यासारखं करू लागला.

एक दिवस माझ्याकडून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. दोन्ही बरण्या सारख्या. बायकांनी पहिला घोट बाहेर टाकला, मला शिव्या घातल्या. मास्तर खिडकीशी बसून आख्खा पेला प्यायला.

"झकास झाला आज," म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने रिकाम्या पेल्यात पाहिलं.

बायका गेल्यावर तो थांबला. मी झाडत होते. तो म्हणाला, "करोनात लोकांची गेली हुती ना, तशी गेली. वासबी गेला. त्यांची परत आली."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"काय दाखवू? जीब तर जागच्या जागी हाय."

"मॅडमना सांगा."

"नको." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "चपला सांधनारे पन्नास हायेत चौकाला. मला कोन वळखतं? जिबंचा मास्तर म्हनून वळखतात. ही गेली ह्ये कळलं का मी परत टपरीत. आन ह्या सहा ठोंब्यांना मॅडम पुन्ना पोपटी फडकी देतील."

मी केर भरला. म्हणाले, "माझी जीभ हाय की."

हे मी बोलले. मीच. त्या दिवशी मी मॅडमना सांगितलं असतं, सोमीला सांगितलं असतं, कोणालाही सांगितलं असतं, तर पुढचं टळलं असतं. मला तेव्हा वाटलं, मी म्हाताऱ्याची लाज राखतेय. खरं म्हणजे मला ते आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही येत होतं जे मास्तरला येत नव्हतं.

मग आमची रीत ठरली. आधी मी चाटायचं. चांगलं असलं तर पदर सावरायचा. वाईट असलं तर खोकायचं. मग मास्तरने पुढे होऊन, जिभेला लावल्यासारखं करून, निकाल द्यायचा.

धारावीला चामडं आणायला गेलो तेव्हा ही रीत भर दुकानात चालवली. माझ्या आईने मला दुकानात उभं राहून म्हशीची कड चाटताना पाहिलं असतं तर तिने मला विहिरीत ढकललं असतं. दुकानदाराने गठ्ठा सोडला. "चाचा, असली बबूल का माल है. आँख बंद करके ले जाओ."

मी कोपऱ्यातून जिभेला लावलं. वर तुरट होतं, पण दाताने कड उकलून आत लावलं तर रिकामा चमचा. मी खोकले.

मास्तर लांबच उभा होता. गठ्ठ्याला हातही न लावता म्हणाला, "काय रं, केमिकलचा माल बाभळीच्या पान्यात बुचकळून आनलास व्हय? वरनं सोवळा आन आतनं भलताच."

दुकानदाराचं तोंड उघडं राहिलं. आतल्या माणसाला म्हणाला, "चाचा ने छुआ भी नहीं, यार." मग त्याने मागच्या खोलीतून खरा माल काढला. मी पदर सावरला.

परत येताना मास्तर हसून हसून रडला. "बाय, मी देव झालो आज! हात न लावता!" कर्जत येईपर्यंत हसत होता. चामड्याचा गठ्ठा आम्ही आळीपाळीने पाठीवर घेतला. त्या दिवसाची आठवण आली की मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग येतो.

---

ज्या कंपनीच्या मदतीवर वर्ग चालायचा तिचे लोक बघायला येणार असं ठरलं. मॅडमनी त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की आमचे मास्तर रंग चाखून बघतात, चामडं डोळ्यांदेखत काळं होतं. आणि दोन दिवस आधी त्या हॉलमध्ये आल्या, नाकाला रुमाल लावला आणि मला म्हणाल्या, "मावशी, ते मडकं आधी ओतून टाका. पाहुणे येणार आहेत, ही घाण चालणार नाही."

"मॅडम, त्यातच तर काळा रंग हाय."

"मी दुसरा आणते. ओता."

मी ओतलं. झाडलोट माझ्याकडे होती, आणि ओत म्हटल्यावर ओतायचं हे माझ्या अंगात होतं, जसा तो वेगळा कप होता. एकवीस दिवसांचं पाणी मी हॉलमागच्या गटारात ओतलं. खिळे तेवढे वेचून ठेवले.

मास्तर आला, मडकं कोरडं बघितलं. मॅडमना एक शब्द बोलला नाही. मला म्हणाला, "तू वतलंस?"

"मॅडम म्हनाल्या."

"तुझ्या जिबंला ठावं हुतं त्यात काय हाय. तरी वतलंस."

मॅडम मधे पडल्या. "मास्तर, चिडू नका. दुकानात काय मिळतं ते सांगा, मी आणते."

"हिराकस आना," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "गुळाच्या पान्यात इरगळवा. रातभर ठेवा." आणि निघून गेला. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी चहा दिला तर म्हणायचा, "तुझ्या मॅडमला दे."

मॅडमनी 'हिराकस' हा शब्द कधी ऐकला नव्हता. हे मला नंतर त्या दुकानदाराने स्वतः सांगितलं, शेतीच्या औषधांचं दुकान आहे त्याचं. त्या म्हणाल्या, "हिरवा कस द्या." तो म्हणाला, "हिरवा कस काय ते ठावं नाय ताई, निळं हाय ते चालंल का?" आणि मोरचुदाचे खडे दाखवले. मॅडमनी मोबाईलवर बघितलं, कोणाचा तरी फोन आला, आणि त्या म्हणाल्या, "चालेल."

हिराकस म्हणजे लोखंड. मोरचूद म्हणजे तांबं. एक चामडं काळं करतं. दुसऱ्याला हात लागला तर आमच्याकडे शेतकऱ्याचं पोरगंसुद्धा हात धुतल्याशिवाय जेवत नाही, म्हणजे आता जेवत नाही. मॅडमनी ते घरी कुटून आणलं, सगळ्या पुडीचं पाणी केलं, त्याच काळ्या मडक्यात भरपूर काळा गूळ घालून ठेवलं. गुळाच्या पाण्यात आणि काळ्या मडक्यात निळं काय दिसणार!

पाहुणे आले त्या सकाळी मला नारळ आणि पेढे आणायला नाक्यावर पाठवलं. मी मास्तरला म्हणाले, "मी येईस्तवर मडक्याला जीभ लावू नका."

त्याने मान वळवली.

मी येईपर्यंत मोबाईल वर झाले होते. कोणीतरी म्हणालं, "सर, टेस्ट करून दाखवा ना." तो थेंब घ्यायचा, पण थेंब फोटोत दिसत नाही. त्याने वाटी भरली. एकदा प्यायला. सोमी सांगते, घोट गिळून तो क्षणभर गप्प बसला, जणू काही ऐकू येतंय का बघत होता. मग मोठ्याने म्हणाला, "पिकलं हाय. घ्या गं, लावा सगळ्यांनी." एकाला फोटो नीट मिळाला नव्हता. तो म्हणाला, "वन्स मोअर." तेव्हा मी दारात होते.

लोक मला म्हणतात, त्याने मडकं लाथाडलं म्हणून तुम्ही वाचलात. मी म्हणते, त्याला कळ आली आणि पाय लागला. आणि समजा मुद्दाम लाथाडलं. बायकांना 'घ्या गं, लावा' म्हणणारा कोण होता? जीभ मेली होती हे त्याला ठाऊक होतं. तरी तो 'पिकलं' म्हणाला. मी या माणसाला चांगलं म्हणायला तयार आहे, पण सगळं म्हणून झाल्यावर.

---

गॅरेजवाल्याच्या टेंपोत घालून पनवेलला नेलं. पाहुण्यांच्या दोन गाड्या दारात उभ्या होत्या, पण आतल्या गाद्या खराब झाल्या असत्या.

वॉर्डात तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता. डोळे पिवळे झाले होते आणि लघवी बंद झाली होती. डॉक्टरीण बाई मला बाहेर घेऊन म्हणाली होती, मूत्रपिंडं गेलीत, कोणी नातेवाईक असतील तर बोलवा. मी म्हणाले, मीच आहे. आत जाऊन मी त्याच्या खाटेशी बसले. रडायला बसले नव्हते.

"माझी वाट का नाय बघितलीत?"

"तू वतलंस."

"मी पानी वतलं म्हनून तुमी इख प्यायचं?"

"लोकं बघत हुती."

"लोकं! लोकांनी वन्स मोअर म्हटलं आन तुमी भरली वाटी!"

शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाई मला म्हणाली, "अहो, आजारी माणसाशी असं बोलतात का?" मी तिला म्हणाले, "तू तुझ्या माणसाचं सलाईन बघ."

मास्तर म्हणाला, "चामडं धुतलंस का?"

"धुतलं. डाग जात नाय."

"लिंबू लाव."

"लावलं."

"खांद्याचं हुतं," तो म्हणाला. "पहिल्या पाकिटाला चांगलं चामडं लागतं." मग डोळे मिटून घेतले.

सातव्या दिवशी मॅडम वॉर्डात आल्या, फळं घेऊन. बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून रडल्या. मला कीव आली, खोटं सांगत नाही. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण मावशी, चाटायला कोणी सांगितलं होतं हो त्यांना? आजच्या काळात कोणी रंग चाटतं का?"

मी म्हणाले, "तुमीच सांगितलं होतं. फोनवर. पाहुण्यांना."

त्या फळांची पिशवी बाकावर ठेवून उठल्या. वर्ग महिन्याभरात बंद झाला. संस्थेने पुढे आपलं रंगीत माहितीपत्रक छापलं, ते मला कशेळ्याच्या बाजारात सोमीने आणून दाखवलं. आत मास्तरचा फोटो आहे. वाटी तोंडाला लावलेला, मागे बायका, कडेला माझा अर्धा पदर. खाली छापलंय: परंपरेची चव. मी ते चुलीत घातलं. सोमी म्हणाली, "आजे, त्याचा एवढाच फोटू हाय." मी म्हणाले, "नसू दे."

त्या सकाळी मडक्याभोवती मास्तर होता आणि आम्ही सात बायका होतो. सोमीच्या बोटाला लागलं, जिभेला नाही. माझ्या जिभेला लागलं, पोटात गेलं नाही. बाकीच्या पाचजणींनी अजून हात पुढे केला नव्हता. सातहीजणी जगलो. मास्तर आठव्या दिवशी गेला.